घरकुलाच्या नकाशात मूल कुठे आहे?

१९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळच्या कुंभारी इथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रे नगर वसाहतीतल्या १५,००० घरांचं लोकार्पण केलं. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावर राबणारे, कचरा वेचणारे, फेरीवाले, वाहनचालक अशा माणसांची ही घरं. बोलताना पंतप्रधानांचा गळा दाटून आला. लहानपणी आपल्यालाही अशा घरात राहायला मिळालं असतं तर, अशा अर्थाचं ते बोलले आणि थांबले. वाहिन्यांनी तो क्षण दिवसभर दाखवला. त्यावर जे राजकारण झालं ते बाजूला ठेवू. मला त्यात एक गोष्ट मोलाची वाटली. एवढ्या मोठ्या सरकारी योजनेकडे त्या व्यासपीठावरून, क्षणभर का होईना, लहान मुलाच्या नजरेनं पाहिलं गेलं.

ती नजर योजनेच्या कागदावर आली तर काय होईल, हे मला सोलापूर जिल्ह्यापुरतं मांडून पाहायचं आहे.

कागदावरचा हिशेब असा. रे नगरची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी झाली. एकूण ३०,००० घरं, खर्च १,८११ कोटी ३३ लाख रुपये आणि त्यात केंद्र व राज्य सरकारचा वाटा ७५० कोटी. या ७५० कोटींना ३०,००० घरांनी भागलं की दर घरामागे अडीच लाख येतात : दीड लाख केंद्राचे, एक लाख राज्याचे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात अनुदानाचं माप हेच आहे. माप घराचं आहे. त्या घरात दोन वर्षांचं मूल आहे, पाचवीतली मुलगी आहे की फक्त दोन म्हातारी माणसं आहेत, यानं या आकड्यात एक रुपयाचाही फरक पडत नाही.

याच योजनेत एक अट मात्र आहे. घर कुटुंबातल्या स्त्रीच्या नावावर असलं पाहिजे किंवा नवरा-बायकोच्या एकत्रित नावावर. ही अट आपोआप आलेली नाही. बायकांच्या चळवळीनं अनेक वर्षं तगादा लावला, तेव्हा ती सरकारी नियमात उतरली. सोलापुरात तर त्याच्या आधीच तसं घडलं होतं. आडम मास्तर, म्हणजे माजी आमदार नरसय्या आडम, यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी लढून मिळवलेली गोदूताई परुळेकर वसाहत याच कुंभारीत उभी आहे. १०,००० घरं, २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिलेली. वीट-सिमेंटच्या योजनेत स्त्रीचा हक्क बसवता येतो हे इथे सिद्ध झालेलं आहे. तसाच मुलाचा हक्कही बसवता येईल. त्याला वेगळी योजना लागत नाही, वेगळं खातंही लागत नाही. लागतो तो नकाशा मंजूर करण्यापूर्वीचा एक हिशेब.

तो हिशेब करून पाहू. एका घरात चारच माणसं धरली, तरी पहिल्या १५,००० घरांत ६०,००० लोक होतात. २०११ च्या जनगणनेत अक्कलकोट शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती. म्हणजे किल्ल्या दिल्या त्या दिवशी, कागदावर, दीड अक्कलकोट नव्यानं वसलं. अंगणवाडीचा निकष ४०० ते ८०० लोकवस्तीला एक असा आहे. ८०० ची कमाल मर्यादा धरली तरी ७५ अंगणवाड्या लागतात, आणि तीसही हजार घरं भरली की दीडशे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. हे सगळं घरांची संख्या ठरली त्या दिवशी, २०१९ मध्येच, कुणालाही मांडता आलं असतं. त्याला सर्वेक्षण लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो. पण घर बांधणारं खातं गृहनिर्माण, अंगणवाडी महिला व बालविकासाची, शाळा शिक्षण खात्याची, लसीकरण आरोग्याचं. गुणाकार करायचा कुणी, इथेच गाडी अडते.

कुंभारीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. इथे राहायला येणारी माणसं सोलापूर महापालिकेच्या हद्दीतली, शहराच्या पूर्व भागातली. कुंभारी मात्र दक्षिण सोलापूर तालुक्यातली ग्रामपंचायत. महापालिका मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवत आली आहे, कारण पूर्व भागातली पद्मशाली कुटुंबं घरात तेलुगू बोलतात. अशा घरातलं मूल शहराची वेस ओलांडून दहा-बारा किलोमीटरवर राहायला गेलं की त्याची शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य केंद्र, तिन्ही महापालिकेकडून जिल्हा परिषदेकडे जातात. आईबापांच्या हाती घराची किल्ली येते आणि त्याच दिवशी मुलाची शाळा, शाळेतली भाषा आणि मैत्रिणी सुटण्याची वेळ येते. स्थलांतर म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. चांगल्या घराच्या दिशेनं झालेलं स्थलांतरही मुलासाठी स्थलांतरच असतं, आणि त्याची तयारी करायला सरकारकडे पाच वर्षं असतात.

*

घरातच कारखाना असेल तर घराचा अर्थ मुलासाठी आणखी बदलतो. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संख्या साठ-सत्तर हजारांच्या घरात सांगितली जाते. कंपनीकडून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा, घरी बसून विड्या वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. खराब ठरलेल्या विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्यांचा भुर्दंड वळणारीला बसतो. अशा कामात पान कापणं, विडीचं तोंड मिटणं, दोरा बांधणं ही कामं मुलीच्या हाताला आपोआप येतात. शाळेतून आलेली मुलगी आईजवळ बसते आणि बसता बसता तिचे हात चालू लागतात. कुणी तिला कामाला जुंपलं असं त्या घरात कुणालाच वाटत नाही.

कायदा या दाराशी येऊन नेहमीच थबकला आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं कारखान्यात मुलांना कामावर ठेवायला बंदी केली. १९८६ च्या बालकामगार कायद्यानं विडी वळणं हे बंदी असलेल्या कामांच्या यादीत घातलं, पण स्वतःच्या कुटुंबाच्या मदतीनं चालणाऱ्या कामाला त्यातून सूट दिली. विडी तर घरातच वळली जाते. म्हणजे जिथे काम होतं नेमक्या त्याच जागी कायदा लागू नव्हता. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली. तरीही शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरगुती व्यवसायात मदत करायची सवलत राहिली. तंबाखूच्या भुकटीत बसून केलेलं काम धोकादायक नाही, असं कुणी म्हणणार नाही. पण घराच्या उंबऱ्याच्या आत ते तपासायला कोण जाणार?

म्हणून मला वाटतं, विडी कामगाराच्या मुलीच्या हक्काचा खरा प्रश्न हजार विड्यांच्या दरात आहे. एका बाईच्या दोन हातांना जेवढी विडी जमते तेवढ्यात घर चालत असेल, तर मुलीचे हात मोकळे राहतील. घर चालत नसेल तर शाळेच्या भिंतीवर कितीही घोषणा रंगवल्या तरी ते हात पानाकडे वळतील. दर ठरवण्याच्या बैठकीला मालक असतात, संघटना असते, कामगार खात्याचे अधिकारी असतात. या दरावर किती मुलींची संध्याकाळ अवलंबून आहे, हे विचारणारं तिथे कुणी नसतं.

कराचंही तसंच. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून विडी कामगारांच्या आरोग्याचा, घरांचा आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचा खर्च होऊ लागला. विडी ओढणाऱ्यानं दिलेल्या पैशातला थोडा भाग वळणारीच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांकडे जायचा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि अनेक उपकरांसोबत हाही रद्द झाला. शिष्यवृत्ती बंद पडली नाही. पहिली ते चौथीला वर्षाला हजार रुपयांपासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना पंचवीस हजारांपर्यंत ती चालू राहिली. पण तिचा स्वतःचा झरा आटला आणि ती अर्थसंकल्पातल्या इतर तरतुदींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ‘एक देश, एक कर’ याविषयी देशभर वर्षानुवर्षं चर्चा झाली. तिच्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या सातवीतल्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं, आणि तरी तो निर्णय तिच्याविषयीचाही होता.

*

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला ऊस आहे. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, तीसहून अधिक. उजनी धरणानं ही किमया केली. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ, करमाळ्याच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव), जालना, नगरकडची माणसं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पाच-सहा महिने फडात काढायचे. रस्त्याकडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात नवरा-बायको कोयता घेऊन फडाकडे जातात. मागे कोपीत राहतात त्यांना कुणी कामगार म्हणत नाही : तान्ह्या भावाला सांभाळणारी आठ वर्षांची बहीण, बैलांना पाणी दाखवणारा मुलगा, आईमागून वाढं गोळा करणारी मुलगी.

या उद्योगात मोजदाद किती काटेकोर असते, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. उसाच्या नोंदीची तारीख, जात, गट नंबर कारखान्याच्या संगणकावर असतो. ऊस वाहणाऱ्या वाहनाशी करार असतो, त्याला क्रमांक असतो. मुकादमाशी करार, त्याच्या जामिनाचे कागद, दिलेल्या उचलीचा आकडा. वजनकाट्यावर किलो-किलोचा हिशेब. उतारा दशांशात. या सगळ्या नोंदींत मूल कुठेच येत नाही. टोळीबरोबर आलेल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांची यादी कारखान्याकडे नसते, कारण ती कुणी मागत नाही.

आणि ती मागण्याचा कायदा आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे एक, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं हे दुसरं. मूल कुठल्या जिल्ह्यातून आलं याला तिथे महत्त्व नाही. माढ्याच्या फडात आलेलं बीडमधल्या वडवणीचं मूल हे गाळपाच्या हंगामात सोलापूर जिल्हा परिषदेचंच मूल आहे.

या मुलांसाठी काही झालंच नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. साखरशाळा नव्वदच्या दशकात सुरू झाल्या, काही संस्थांनी आणि कारखान्यांनी त्या जिवापाड चालवल्या. पुढे हंगामी वसतिगृहांची कल्पना आली : आईबाप ऊसतोडीला गेले तरी मूल आपल्याच गावात, आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या घरी राहील आणि त्याच्या जेवणाची सोय सरकार करील. गाव सोडून जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड निघालं, म्हणजे नव्या गावातल्या शाळेनं कागदपत्रांसाठी अडवू नये. २०१७ पासून शाळेबाहेरची मुलं शोधणाऱ्या बालरक्षक शिक्षकांची फळी उभी राहिली. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना झाली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचं ठरलं, तेवढीच भर राज्य सरकारनं घालायची.

या दहा रुपयांचा हिशेब मला फार बोलका वाटतो. पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे त्यातून पन्नास लाख होतात. सरकारचे तेवढेच धरले तर एक कोटी. एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात आलेल्या मुलांसाठी टोळ्या उतरतात त्या गाडीतळाजवळ पाळणाघर चालवायला आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांना ने-आण करायला हा पैसा थोडा नाही. पैसा उसाच्या टनाबरोबर येतो, पण तो मुलापर्यंत पोचायला मूल आधी मोजलं गेलं पाहिजे.

रेशनचं पाहा. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे बीडच्या माणसाला सोलापुरात धान्य उचलता येतं. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरवरही स्थलांतर नोंदवायची सोय आहे. महिला व बालविकास विभागानं २०२२ मध्ये स्थलांतरित बालकं आणि गरोदर मातांचा माग ठेवणारी महा-एमटीएस ही प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली. तंत्र आहे, कायदा आहे, पैशाची वाटही आहे. पण प्रत्येक खात्याची यादी वेगळी. एका यादीत सापडलेलं मूल दुसरीत हरवतं.

माझं म्हणणं एवढंच, की सगळ्यात भक्कम यादी कारखान्याची असते. तिथूनच सुरुवात करावी. साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घेताना कारखाना कितीतरी अटी पूर्ण करतो, उसाच्या थकीत रास्त दरापासून (एफआरपी) प्रदूषण मंडळापर्यंत. त्यात टोळीनिहाय मुलांची वयासह यादी आणि ती जवळच्या शाळेला व अंगणवाडीला दिल्याची पोच, एवढे दोन कागद का असू नयेत?

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. सोलापूर जिल्ह्यात हे प्रमाण जवळपास ४० टक्के आहे, म्हणजे राज्याच्या दुप्पट नाही तरी त्याच्या अगदी जवळ. परभणी आणि बीड त्याच्याही पुढे.

कायद्याची बाजू भक्कम आहे. २००६ चा बालविवाह बंदीचा कायदा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, अंगणवाडी सेविका त्याला साहाय्य करते, गाव बाल संरक्षण समिती आहे, मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. पण ज्या ग्रामसेवकाला घरपट्टी वसूल करायची आहे, सरपंचाशी जमवून घ्यायचं आहे, त्यानं भर मांडवात जाऊन लग्न थांबवावं, ही अपेक्षा आपण एका माणसाच्या धैर्यावर टाकली आहे. आणि लग्न थांबवलं, पुढे? ती मुलगी दुसऱ्या दिवशी कुठल्या शाळेत जाणार, कशानं जाणार?

हे ‘कशानं’ महत्त्वाचं आहे. गावातली शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढची शाळा सात-आठ किलोमीटरवर. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ती योजना जुनी आणि चांगली आहे. पण पास म्हणजे बस नव्हे. संध्याकाळची फेरी रद्द होऊ लागली, अंधार पडल्यावर मुलगी घरी येऊ लागली, की घरात कुजबुज सुरू होते आणि दिवाळीनंतर पाहुणे येतात. आगारप्रमुखानं तोट्यातली फेरी बंद केली तेव्हा त्याच्यापुढे डिझेलचा आणि उत्पन्नाचा आकडा होता. त्या फेरीत आठवी ते बारावीच्या किती मुली होत्या, हाही आकडा त्याच कागदावर असला पाहिजे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचं धोरण २०२३ मध्ये पुढे आलं, त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. इमारत मोठी होईल, प्रयोगशाळा मिळेल, पण वस्तीवरची सात वर्षांची मुलगी तिथपर्यंत पोचणार कशी?

ऊसतोडीचा करार याहून खोल जातो. या धंद्यात मजुरीचं एकक जोडपं आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याची उचलही तशीच. मुलगा सतरा-अठराचा झाला की घराला पूर्ण कोयता हवा असतो, आणि मुलगी मागे एकटी ठेवून जायची भीतीही असते. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच निघतं, लग्न. जोडप्याला उचल देणारा हा करार बदलून प्रत्येक मजुराचा स्वतंत्र करार आणि स्वतंत्र मजुरी झाली, तर बालविवाहाच्या विरोधात ती एक मोठी गोष्ट होईल. ते काम महिला व बालविकास खात्याच्या हातात नाही. ते कामगार खात्याच्या, सहकार खात्याच्या आणि साखर संघाच्या टेबलावर आहे.

‘लेक लाडकी’ योजनेत मुलगी अठरा वर्षांची झाली की ७५,००० रुपये मिळतात, टप्प्याटप्प्यानं एकूण १ लाख १ हजार. पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आज तेरा-चौदा वर्षांची जी मुलगी फडावर किंवा पानाच्या सुपाशी बसली आहे, तिच्यापर्यंत ही योजना पोचत नाही.

*

या जिल्ह्यानं मुलाकडे पाहायच्या दोन जुन्या रीती पाहिल्या आहेत. पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकारानं बालकाश्रम उभा राहिला, वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावानं तो ओळखला जातो. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांचा त्यात मोठा वाटा होता. पुनर्विवाह नाकारलेल्या विधवांची, चंद्रभागेच्या काठी टाकून दिलेली अर्भकं हा त्या काळाचा उघडा घाव होता. ज्या समाजानं आईला लाजेनं मारलं, त्यानं टाकलेल्या बाळाला उचलून घेणारं हे घर. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला, आणि सोलापूरला त्याची झळ फार लागली. करुणेतून झालेलं हे काम थोर होतं. पण त्या नजरेत मूल दयेला पात्र होतं, हक्काला नव्हे.

दुसरी रीत सोलापूर शहरातली. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती. त्या भागाला आजही लोक सेटलमेंट म्हणतात. आतल्या माणसांची हजेरी घेतली जायची, त्यांना गिरण्यांत कामाला पाठवलं जायचं. १९११ च्या कायद्यानं तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची मुभा सरकारला दिली होती. मूल जन्मतःच संशयित. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, कुंपण गेलं, पण कुंपणाबाहेर पडलेल्या मुलांच्या शाळेची आणि दाखल्याची वाट पुढची कैक वर्षं खडतर राहिली. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत हातभट्टीवर छापे पडत राहिले. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, तेव्हा छाप्यांच्या जोडीला पोलिसांनी घराघरात जाऊन दुसऱ्या रोजगाराचं बोलणं सुरू केलं. मला त्याचं मोल यासाठी वाटतं, की बापाला पकडून नेल्यावर घरात जे मूल उरतं त्याचा विचार न करणारं पोलीसकाम अपुरं असतं, हे एका पोलीस अधिकाऱ्यानं कृतीतून मान्य केलं.

दया आणि संशय यांच्या पलीकडची तिसरी नजर संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत केलेल्या बालहक्क संहितेत आहे. भारतानं ती ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली. बालमजुरी लगेच बंद करणं शक्य नाही, टप्प्याटप्प्यानं करू, असं तेव्हा आपण लिहून दिलं होतं. मुलाविषयीच्या प्रत्येक निर्णयात त्याचं हित अग्रस्थानी ठेवायचं आणि त्याच्याशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकायचं, ही त्या संहितेतली दोन सूत्रं. वेल्सनं २०११ मध्ये कायदाच केला, की मंत्र्यांनी कुठलंही काम करताना या संहितेचा विचार केला पाहिजे. स्कॉटलंडनं २०२४ मध्ये ती देशी कायद्यात उतरवली. आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पात २००८-०९ पासून मुलांवरच्या तरतुदींचं वेगळं विवरण असतं. पण त्यात मुलांच्या नावावर खर्च होणाऱ्या योजनाच येतात. घरकुल, साखर, एसटी, पाणी त्यात येत नाही. सोलापूर शहर देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत निवडलं गेलं, आणि त्याच शहरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिलं. पाण्याच्या दिवशी शाळा कुणाची बुडते, हे मी सांगायला नको.

असं एकत्र काम होऊ शकतं याचा पुरावा महाराष्ट्राकडेच आहे. २००५ मध्ये औरंगाबादला राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, देशातलं पहिलं पोषण मिशन. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्यामागे होते. मिशननं स्वतःच्या नव्या योजना काढल्या नाहीत. आरोग्य आणि अंगणवाडी या दोन खात्यांना एका बाळाभोवती, त्याच्या पहिल्या हजार दिवसांभोवती, एकत्र बसवलं. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी ३९ टक्के खुजी होती. २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आलं. एवढी मोठी घट केवळ पैशानं झाली नव्हती, खाती एकत्र बसल्याचाही त्यात वाटा होता. पुढे तो जोर टिकला नाही. पाच वर्षांखालच्या मुलांमधल्या खुजेपणाचं प्रमाण राज्यात कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेऱ्यांच्या दरम्यान ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेलं.

मुलांचं म्हणणं ऐकायचं, तर त्यासाठी अक्कलकोटहून फार लांब जायला नको. सीमेपलीकडे कर्नाटकात ‘मक्कळ ग्रामसभे’ होते, मुलांची ग्रामसभा. कुंदापूर भागात काम करणाऱ्या मुलांच्या भीम संघातून ही रीत वाढली आणि २००६-०७ च्या सुमारास राज्य सरकारनं ती सगळ्या ग्रामपंचायतींना लागू केली. पावसाळ्यात ओढे ओलांडून शाळेत जायला छोटे साकव हवेत, ही तिथल्या मुलांची मागणी. मोठ्यांच्या सभेत पुलाची मागणी झाली तर ती ट्रॅक्टर जाईल अशा पुलाची होते.

आपल्याकडेही ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्याआधी बालसभा घ्यायला सांगितलेलं आहे. शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांत ‘बालस्नेही गाव’ आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असा नियम आहे. हे दहा टक्के अनेक गावांत सतरंज्या, भांडी आणि शिलाई यंत्रांत संपतात. बालसभेत मुलं वृक्षारोपणावर भाषण करतात, फोटो निघतो. मुलांना खरंच विचारलं तर ती झाडांविषयी बोलणार नाहीत. शाळेच्या मुतारीला दार नाही, मधल्या ओढ्याजवळ दारू पिणारे बसतात, आठवीनंतर बस नाही, हे सांगतील. ते इतिवृत्तात लिहिलं गेलं, आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांच्या कामांतही धरलं गेलं, तर सभेला अर्थ आहे.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत बसवलेले क्यूआर कोड पुढे राज्याच्या पुस्तकांत आले. वस्तीवरच्या एका वर्गातून धोरण वर जाऊ शकतं, हे या जिल्ह्यानं दाखवलंय. तशाच वाटेनं कुंभारीच्या एखाद्या अंगणवाडी सेविकेचा घरागणिक मुलांचा तक्ता गृहनिर्माणाच्या पुढच्या प्रस्तावाला जोडला जावा, आणि एखाद्या गाडीतळावरच्या शिक्षकाची यादी कारखान्याच्या शेतकी खात्याच्या नोंदवहीत बसावी, असं मला फार वाटतं.

दरवर्षी गाळप सुरू होण्याआधीच्या आठवड्यांत तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. २ ऑक्टोबरपासून सुरू झालेली ग्रामपंचायतींच्या पुढच्या वर्षीच्या आराखड्यांची कामं गावोगाव पुढे सरकत असतात. पुण्याच्या साखर संकुलात गाळप परवान्यांच्या फायली सह्यांसाठी फिरत असतात. आणि टोळ्या ट्रॅक्टरवर संसार लादून सोलापूरच्या वाटेला लागलेल्या असतात. परवान्याच्या फाइलला मुलांच्या यादीचं एक पान जोडायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही, विधानसभेत विधेयक लागत नाही. साखर आयुक्तांचं एक परिपत्रक पुरतं, आणि त्याची एक प्रत सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. पहिल्या मोळीच्या पूजेआधी ते निघावं.